मोठी देऊन धाकटी

“होडी कसली, ताट आहे नुसतं!” पहिलाच पाय आत ठेवताना तांडेलानं जाहीर करून टाकलं. “यात माणसांनी बसायचं की जेवण वाढायचं?”

“बसा मुकाट्यानं,” आधीच आत जाऊन बसलेली त्याची बायको म्हणाली. “आणि हळू. ती मोठी नव्हे, धपकन पाय टाकायला.”

“आता तू मला पाय कसा टाकायचा ते शिकव. तेवढंच राहिलं होतं.”

भांडण म्हणावं असं ते नव्हतंच. वीस वर्षांच्या संसारात दोघांचं बोलणं याच सुरात चालत आलं होतं. पण आज त्याच्या बोलण्याला धार होती, आणि ती का होती ते तिला पक्कं ठाऊक होतं. पहाटे पाचला त्याची मोठी होडी दुसऱ्याच माणसाला घेऊन समुद्रात गेली होती. ती दिसेनाशी होईपर्यंत तो धक्क्यावर उभा होता आणि घरी येऊन चहालासुद्धा त्यानं हात लावला नव्हता.

ही अदलाबदल तिनंच करायला लावली होती. गेल्या साली वारा फिरला आणि मोठी होडी ठरल्यापेक्षा दोन दिवस उशिरा परतली. ते दोन दिवस तिनं धक्क्यावर काढले. तेव्हापासून दाराची कडी वाजली तरी ती दचकून उठायची. त्यात होडीवरचे, तांडेलाच्या हाताखालचे गडीही एकेक करून शहरात कामाला निघून गेले. मग तिनं तीन महिने कटकट लावली. मोठी देऊन टाका, उथळ पाण्यातली धाकटी घ्या, खाडीत दोघं मिळून जाळं लावू, दोन घास कमी खाऊ. शेवटी त्यानं हात टेकले. खाडीच्या तोंडाबाहेर पुन्हा जाणार नाही, असा शब्दसुद्धा तिनं त्याच्याकडून घेतला.

समोरचा गडी आयताच होता. सगळा जन्म खाडीतल्या चिखलात गेला म्हणून त्याला सगळे चिखल्याच म्हणत. त्याला आयुष्यात एकच हौस होती, खोल पाण्यात जायची. मेव्हणा बरोबर यायला तयार झाला आणि तो हरखून गेला. तांडेलाच्या दारात दोघं बसले आणि लग्नाच्या बोलणीत पोरीची माहिती द्यावी तसं एकमेकांना आपापल्या होडीचं सगळं सांगितलं. इंजिन सकाळी कुरकुरतं, डावीकडचा दोर बदलायला झालाय, किटली कुठल्या खिळ्याला अडकवायची, काही म्हणून सोडलं नाही. दोघंही खुशीत उठले, आणि दोघांच्या बायकाही.

आता धाकटी खाडीतून चालली होती. तांडेलीणबाईंना खरं तर हायसं वाटायला हवं होतं. दोन्ही बाजूंना काठ दिसत होता, वल्हं तळाला टेकत होतं. पण हवा पडली होती. काठावरचं पान हलत नव्हतं, आणि रोज चिखलावर कलकलाट करणारे पक्षी आज कुठं गेले होते कोण जाणे. समुद्राच्या अंगाला आभाळाच्या तळाशी एक काळी पट्टी उठली होती.

“ते काय हो?”

तांडेलानं डोळे बारीक केले. “वारा येणार. संध्याकाळच्या आत.” मग जरा थांबून म्हणाला, “मोठीला त्यानं काही होत नाही. आणि आपल्याला आता काय त्याचं!”

नऊच्या सुमारास जाळं लावून झालं. तांडेलानं सवयीनं नांगर पाण्यात टाकला. मोठीवरचा हा जादा लोखंडी नांगर त्यानं आठवण म्हणून ठेवून घेतला होता. इथं लांब दोर सोडून करायचं काय, म्हणून तोकडाच सोडला, आणि टोपी तोंडावर ओढून आडवा झाला.

ती पाण्याकडे बघत बसली. ओहोटी लागून दोन-अडीच तास झाले होते. समुद्राचं पाणी जाताना आवाज करतं असं तिनं ऐकलं होतं. हे पाणी मात्र चोरासारखं निघालं होतं. लांबवर दोन-तीन होड्या दिसत होत्या. त्या चिखलात रोवलेल्या बांबूंना बांधलेल्या होत्या.

“अहो, बाकीच्यांनी बांबू रोवलेत. नांगर कुणीच टाकलेला नाही.”

“नसेल त्यांच्याकडे.”

“सगळ्यांकडेच नसेल?”

“अगं, खवळलेल्या समुद्रात या नांगरावर होडी धरून ठेवलीय मी. या डबक्यात तो मला दगा देईल होय?”

ती पुन्हा त्या बांबूंकडे बघायला लागली. पाण्याबद्दलचं त्याचं म्हणणं वीस वर्षांत कधी खोटं ठरलं नव्हतं, हेही खरंच होतं.

अकरा वाजता होडी जराशी कलली. मग खालून कर्र असा आवाज आला. तांडेल ताडकन उठला. दोघांच्या पायांमधली फळी फुगली, तडकली, आणि तिच्यातून लोखंडाचं टोक वर आलं. पाणी ओसरलं तशी होडी खाली बसली होती, आणि नेमकी आपल्याच नांगरावर. खोल पाण्यात असं कधी घडत नाही. तिथं नांगर कुठंतरी तळाशी असतो आणि होडी त्याच्या बरीच वर.

दोघं त्या टोकाकडे बघतच राहिले. भोवताली आता नुसता चिखल होता, काळा आणि गुळगुळीत. काठ तीनशे पावलांवर असेल.

“आता?” तिनं विचारलं.

“आता काय! उतरतो, ढकलून नांगरावरून काढतो, भोक बुजवतो.”

“अहो, थांबा जरा...”

तो उतरलासुद्धा. मांडीपर्यंत गेला. एक पाय उपसायला दुसऱ्यावर जोर दिला, तर तो कमरेपर्यंत. तिनं त्याचे दोन्ही हात धरले आणि होडीच्या काठाला पाय लावून ओढलं. एवढा उंचापुरा माणूस, पण तसूभर हलला नाही. त्याच्या तोंडचा रंग उडाला होता. तिनं काठाकडे तोंड करून हाका मारायला सुरुवात केली. घसा बसेपर्यंत ती हाका मारत होती.

तास-दीड तासानं काठावर चार माणसं जमली, पण चिखलात उतरायला एकही धजेना. शेवटी शिंपले गोळा करणारी एक बाई पाटावरून सरकत येताना दिसली. एक गुडघा पाटावर, दुसऱ्या पायानं चिखल मागं रेटत होती, आणि मागं दोरीनं आणखी एक पाट बांधलेला होता. ती चिखल्याची बायको होती.

“दादा, हलू नका,” ती लांबूनच ओरडली. “उताणे पडा.”

“काय?”

“पाठीवर पडा. अंथरुणात पडता तसे. मग पाय एकेक करून सोडवा, सावकाश.”

“चिखलात लोळू? काठावर माणसं जमलीत, दिसत नाही का?”

“जमू देत की. भरती आली की तीही घरी जातील.”

तांडेलानं खाडीच्या तोंडाकडे पाहिलं. तिथं पाण्याची एक चकचकीत रेघ आत शिरली होती. मग तो मुकाट्यानं पाठीवर पडला. पाय सुटायला तास लागला. दोघी बायकांनी मिळून त्याला पाटावर पालथा घातला आणि ओढत काठावर आणला. कुणीही हसलं नाही. मागं धाकटीच्या भोकातून पाणी आत यायला लागलं होतं.

काठावर बसल्यावर जिवात जीव आला, आणि जीव आला तसा त्याला रागही आला. “तुझ्या नवऱ्यानं हे सांगितलं कसं नाही? किटली कुठं अडकवायची ते सांगितलं, आणि एवढं सांगायला त्याला काय झालं होतं?”

चिखल्याच्या बायकोला खरंच कळेना. “यात सांगायचं काय, दादा? ओहोटीला नांगर टाकत नाहीत, बांबू रोवतात. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.”

तांडेलाच्या चेहऱ्यावरचा राग उतरला आणि तिथं काही वेगळंच दिसायला लागलं.

“काय झालं हो?” बायकोनं विचारलं.

“पाणी,” तो म्हणाला. “मोठीच्या फळ्यांखाली पाणी साचतं. इंजिनाच्या पंख्याचा दांडा तळातून बाहेर जातो तिथून झिरपतं. लाकडी होडी, झिरपायचंच. उपसत राहावं लागतं.”

“मग?”

“मी त्याला सांगितलं नाही.”

“का नाही सांगितलंत?” चिखल्याच्या बायकोचा आवाज एकदम बारीक झाला.

“यात सांगायचं...” एवढं बोलून तो थांबला.

धाकट्या होडीत पाणी आलं तर पायाला लागतं. मोठीत ते फळ्यांखाली असतं, दिसत नाही. होडी जड चालायला लागली की कळतं, पण तेही ती हलकी कशी चालते हे ज्याला माहीत आहे त्यालाच. चिखल्याची आणि त्याच्या मेव्हण्याची तर ती पहिलीच खेप होती. चिखल्याच्या बायकोनं फोन काढला, कानाला लावला आणि पुन्हा ठेवला. नवऱ्याचा फोन सकाळपासून एकदाही लागला नव्हता. सकाळची काळी पट्टी आता अर्ध्या आभाळापर्यंत चढली होती, आणि पहिला वारा पाण्यावर शहारा उठवत आत आला.

“बर्फवाल्याची लाँच धक्क्याला आहे,” तांडेल उभा राहत म्हणाला. मग त्यानं बायकोकडे पाहिलं.

तिच्या मनात पहिल्यांदा आलं ते ‘नको’ एवढंच. दुसरा कुणी जाईल. शब्द दिलाय तुम्ही मला. तासाभरापूर्वी तुम्ही गेलातच होता, आता पुन्हा नको. ओठावर आलेलं ते सगळं तिनं मागं सारलं, कारण शेजारी ती बाई कोपरापर्यंत चिखलात भरलेली उभी होती. तिचा नवरा आणि भाऊ दोघंही त्या होडीवर होते, आणि ती काहीच मागत नव्हती.

“जा,” ती म्हणाली. “मी सांगते, जा.”

तो अनवाणीच धावत सुटला. दोघी त्याच्या मागोमाग धक्क्यावर पोहोचल्या तेव्हा लाँच खाडीच्या तोंडाबाहेर पडली होती, आणि समोरच्या काळ्या आभाळापुढं ती फार लहान दिसत होती. तीन वाजले होते.

“वहिनी,” चिखल्याच्या बायकोनं विचारलं, “किती वेळानं उपसायचं असतं ते पाणी?”

तांडेलीणबाईंना ते माहीत होतं. घरी झोपेतसुद्धा तो सवयीनं तेवढ्या वेळानं उठून बसायचा आणि मग स्वतःच हसून पुन्हा आडवा व्हायचा. वीस वर्षं तिनं ते पाहिलं होतं. अदलाबदलीच्या दिवशी चहा देताना तीही तिथंच होती, आणि तिनंही सांगितलं नव्हतं.

“दर दोन तासांनी,” ती कशीबशी म्हणाली.

चिखल्याची बायको पहाटे पाचपासून बोटांवर मोजायला लागली. सात. नऊ. अकरा. एक. तीन. एका हाताची बोटं संपली. तिनं ती मूठ तशीच घट्ट मिटली आणि समुद्राकडे बघत उभी राहिली.