टिक झाली की दाबायचं

"बंद करा ना बापा ते! दळणात उतरून राह्यला आवाज!" पंजाबरावांनी चक्कीच्या दारातून हात जोडले.

रस्त्यापलीकडे, युनूसभाईंच्या गाड्यांच्या वायरिंगच्या दुकानापुढे, एक पांढरी गाडी चारी दिवे मिचकावत किंचाळत होती. तिचे मालक प्रेमसिंग जाधव ढेकूण चिरडावा तसं रिमोटचं बटण दाबत होते. युनूसभाई डॅशबोर्डखाली उताणे पडलेले. बाहेर फक्त चपला. त्यांनी आतून एक तार ओढली तेव्हा कुठे गाडी गप्प झाली.

"काढूनच टाका ना हे युनूसभाई," प्रेमसिंग म्हणाले. "मले अलार्म पायजेच नाही."

"काढला तं गाडीच चालू नाही होत. इंजनाची लाइन त्याच्यातून नेली आहे. ज्यानं बसवला त्यानं दुश्मनी काढली तुमच्यावर."

"माह्या साळ्याचा पोरगा आहे तो."

"मंग बरोबर आहे."

मागच्या सीटवर नंदाबाई पदराने वारा घेत बसल्या होत्या. नवराबायको सकाळीच फुलसावंगीजवळच्या तांड्यावरून पुसदला आले होते. गाडी जुनी, पण गळा नवा. शेळी घासली तरी ओरडायची, ऊन तापलं तरी ओरडायची. मागच्या आठवड्यात एका तेरवीला, फोटोपुढे सगळे डोळे मिटून उभे असताना ती ओरडली आणि थांबेना. शेवटी मयताच्या भावांनी ती ढकलत गावाबाहेर नेली. तेव्हापासून नंदाबाईंचं म्हणणं एकच: हे गप्प होईस्तोवर मी याच्यात बसून कोनाच्या दारी जात नाही. दुरुस्तीला येणं त्यांनी या नियमातून वगळलं होतं, कारण नवऱ्यावर एकट्यावर कुठलंही काम सोडायची त्यांची पद्धत नव्हती.

युनूसभाईंकडे महागावपासूनच्या गाड्या येत. मीटर त्यांच्याकडे होतं, पण ते खिळ्याला टांगलेलं. खरं हत्यार कान. गाडीची खरी कुरबुर कोणती आणि नाटकी कोणती, हे त्यांना अनुभवी सासूसारखं कळे. त्यांनी हात वर केला की ते ऐकताहेत असं समजून पंजाबराव चक्की थांबवत, चहावाल्या विमलताई स्टोव्ह बारीक करत. कुणी कधी ठरवलं नव्हतं. शेजारी वाटीभर साखर देतात तशी ही माणसं युनूसभाईंना शांतता देत. फरक एवढाच, की ती कुणी परत मागत नसे.

अलीकडे मात्र विमलताई चहाची हाक मारत नसत. स्वतः पेला आणून हातात देत. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि रस्त्यावरच्या कुणी विचारलं नाही. युनूसभाईंचा कान गेला असं एकदा बाहेर पडलं, की गिऱ्हाइकं गाड्या घेऊन दुसरीकडे वळणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. खुद्द युनूसभाईंना तर फारच.

दुपारपर्यंत त्यांनी रिमोटचा सेल बदलला, बॉनेटखालचा गंजलेला स्विच घासला, सेन्सरची नजाकत कमी केली. राहिली रिमोटची अलार्मच्या डब्याशी जुळणी. डॅशखालचं बटण दाबून धरायचं. डबा एक बारीक टिक करतो. टिक झाली की लगेच रिमोट दाबायचा. उशीर झाला, की डबा सगळं विसरतो आणि बोंब मारतो.

युनूसभाईंनी बटण दाबलं. थांबले. गाडीने बोंब मारली.

पुन्हा दाबलं. पुन्हा बोंब.

"मी हे आता पूस नदीत लोटून देतो!" प्रेमसिंगांनी टोपी आपटली. "तांड्यावर लोकं मले पाहून कानावर हात ठेवतेत. पोट्टे मले पाहून भोंगा वाजवतेत!"

"डबाच मेला असन," युनूसभाई म्हणाले. "टिकच देऊन नाही राह्यला. एक डाव पाहू द्या." आणि त्यांनी हात वर केला.

पंजाबरावांनी पेटीत अर्धं दळण असताना चक्की थांबवली. विमलताईंनी उकळता चहा उतरवून स्टोव्ह विझवला. रस्ता असा शांत झाला, की पत्र्यावरची चिमणी चालताना ऐकू येत होती.

टिक.

ती विमलताईंनी ऐकली. पंजाबरावांनी ऐकली. युनूसभाई रिमोटवर अंगठा ठेवून, डोळे मिटून, तसेच वाट पाहत राहिले. मग गाडीने बोंब मारली.

"याडी ये! माय वं!" नंदाबाई म्हणाल्या. त्या इथल्या नव्हत्या. इथली रीत त्यांना कोण सांगणार? "भाऊ, टिक तं कव्हाची झाली! तिन्ही डाव झाली. तुमी कायची वाट पाहून राह्यले?"

युनूसभाईंनी तार ओढली.

"चूप बस ना वं," प्रेमसिंग पुटपुटले. "मले वाटलं ती टिकही बिघाडातलीच आहे."

युनूसभाई बाहेर येऊन गाडीच्या उंबऱ्यावर बसले. हात पुसले, पुसलेले पुन्हा पुसले. समोर पंजाबराव चक्कीचा पट्टा निरखत होते, ज्याला काही झालं नव्हतं. विमलताई धुतलेले पेले धूत होत्या. गाडीतला बिघाड ओळखायला कान लागत, पण शेजाऱ्यांच्या पाठी वाचायला युनूसभाईंना ते लागत नव्हते.

"कव्हापासून माहीत आहे?" त्यांनी विमलताईंना विचारलं.

"चहा ठेवते पुन्हा," विमलताई म्हणाल्या. "तो गेला वाया."

प्रेमसिंग घुटमळले. "मंग युनूसभाई, नेऊ का दुसऱ्याकडं?"

युनूसभाई उठले आणि त्यांनी पुढचं दार उघडलं.

"भाभी, इथं बसा."

"मी काहून?"

"तुमाले ऐकू येते म्हनून." हे त्यांनी हळू म्हटलं नाही. "टिक झाली की बोट वर करा. बोलू नका. बोलसान तं ते समजेपर्यंत माह्या हातून टायम निघून जाईन."

नंदाबाई पुढे येऊन बसल्या. उभ्या जन्मात कुणी त्यांना इतका वेळ गप्प बसवलं नसेल. प्रेमसिंग बायकोकडे टक लावून पाहत राहिले. युनूसभाई पुन्हा डॅशखाली शिरले, बटण दाबलं आणि मान वळवून नंदाबाईंच्या गोंदलेल्या बोटाकडे पाहत राहिले.

बोट वर गेलं. अंगठा पडला. चारी दारांची कुलपं बसली. तो धक्का त्यांना पाठीखालच्या पत्र्यातून कळला.

प्रेमसिंगांनी गाडी उघडली, लावली, उघडली. बॉनेटवर चापट मारून पाहिली. एक अक्षर नाही.

"आता तेरवीले न्या," युनूसभाई म्हणाले.

गाडी वळणापलीकडे गेली, तरी रस्ता तसाच गप्प होता. पहिला आवाज करायची हिंमत कुणाला होईना.

"चालू करा ना भाऊ," युनूसभाई म्हणाले.

"करतो ना," पंजाबराव म्हणाले, आणि पट्ट्यावर हात ठेवून तसेच उभे राहिले. बाकावर दळणवाल्या बाया डबे मांडीवर घेऊन खाली पाहत होत्या.

युनूसभाई रस्ता ओलांडून गेले आणि त्यांनी स्वतःच चक्कीचा खटका वर केला.