मधल्या पट्टीतली देवी

मनस्वीचा आवाज मधला. फार वर चढणारा नाही, अगदी खालचाही नाही. कल्याणच्या तिच्या गाण्याच्या बाईंनी त्याला मेझो-सोप्रानो असं भारदस्त नाव दिलं होतं. लग्नाआधी ती माहेरच्या म्हसा गावाहून कल्याणला शिकायला जायची. लग्न होऊन तानसा तलावाकडच्या गावात आली आणि शिकणं फोनवर आलं. बाईंचे धडे म्हणाल तर अजबच. ओठ सैल सोडून ‘ब्रर्रर्र’ करायचं, मग तोंड मिटून हुंकार धरायचा, मग ‘ऊ’वर खालून वर घसरत जायचं. छातीतला आवाज डोक्यात चढताना मध्ये एक सांधा येतो, तिथे तो फाटता कामा नये. ‘आवाज घुमू दे,’ बाई सांगायच्या. आता सासरी हे करायचं कुठे? नवरा आदेश कामावर गेला की ती गोठ्यात शिरायची. म्हशीची काही तक्रार नव्हती.

एका मंगळवारी सासू गोजरबाईने गोठ्याचं दार ढकललं. सून डोळे मिटून, ओठ थरथरवत घुमत होती. आणि त्या गावात बाई घुमते ती एकाच कारणाने, अंगात आल्यावर. गोजरबाईने हातातली पाटी टाकली आणि सुनेचे पाय धरले.

तेव्हाच सांगून टाकायचं ना, की अहो, हा रियाझ आहे. पण गाणंबिणं माहेरी ठेवून ये, असं गोजरबाईने लग्नातच बजावलं होतं. देवी म्हणून का होईना, घुमायला मिळतंय, म्हणून ही बया गप्प बसली आणि तिथेच फसली.

मग काय विचारता, दर मंगळवारी ओटीवर बाया जमू लागल्या. कुणाची म्हैस दूध देईना, कुणाच्या पोरीचं लग्न जमेना. वर देवीच्या बाईला सतरा बंधनं. कुणाकडे जेवायचं नाही, वेस ओलांडायची नाही. सून सासूला आई म्हणायची, आता सासूच सुनेला आई म्हणू लागली. मनस्वीने आदेशला खरं सांगितलं. तो म्हणाला, आईला आयुष्यात पहिल्यांदा कुणी विचारतंय, राहू दे की. त्याचं डोकं भिंतीवर आपटावं असं तिला वाटलं.

अशात बाईंचा फोन आला. कल्याणच्या गायकवृंदात मेझोची एकच जागा होती आणि परीक्षा नेमकी मंगळवारी. आवाज तयार आहे, तू फक्त ये, म्हणाल्या.

त्या दिवशी मनस्वी पिशवी घेऊन निघाली, तर ओटी बायांनी भरलेली. वाट द्या म्हटलं तर कुणी हलेना. तिच्या डोक्यात तिडीक गेली. आवाज छातीतून उठला आणि सांध्यावर कुठेही न फाटता भरदार वर चढला. बाईंनी ऐकला असता तर तिथल्या तिथे निवडलं असतं.

“सोडा मला. मी जाते.”

बायांच्या अंगावर काटा आला. जाते म्हणजे देवी घर सोडून चालली. गोजरबाईने धावत येऊन तिच्या पायांना मिठी मारली.

“आई, जाव नको गो. आमचं काय चुकलं?”

“मी देवी नाय. मी मनस्वी. मला गायला जायचंय.”

मनस्वीला रडू फुटलं. देवी रडते हे पाहून चार बायांनी कपाळ जमिनीला टेकवलं.

“गा ना आई,” गोजरबाई म्हणाली. “हितंच गा.”

कुणीतरी ओटीच्या बाहेरच्या दाराला आतून कडी घातली आणि सगळ्या जणी हात जोडून ऐकायला बसल्या.