संत्र्याची एक फोड

मित्रांनो, मी एक जुना मोबाईल आहे. जुना आणि मठ्ठ. काही विचारलं की उत्तर द्यायला मला वेळ लागतो, काचेच्या कोपऱ्याला तडा गेला आहे आणि चार्जरची वायर काढली की थोड्याच वेळात मी डोळे मिटतो. तुम्ही म्हणाल, मग याचं कौतुक कसलं? पण मठ्ठ असणं हीच माझी नोकरी, आणि ती मी इमानेइतबारे केली आहे.

जन्मलो तेव्हाही मी काही राजपुत्र नव्हतो. कारखान्यात माझ्यासारखे ढिगाने बनत होते आणि दुकानात आम्हाला मागच्या रांगेत ठेवत. एक दिवस एक बाई आली आणि तिने मला माझ्या जुळ्या भावासकट विकत घेतलं. भाऊ तिने आपल्या म्हाताऱ्या आत्याला दिला आणि मला कामाला लावलं.

ती बाई म्हणजे ताई. ताई आणि तिचा धाकटा भाऊ बापू मिळून वेबसाइट बनवतात. चष्म्याच्या दुकानावर त्यांच्या दोन खोल्या आहेत. बापूच्या हातात कला आहे. त्याच्या पानांवर चित्रं सरकतात, अक्षरं उडत येतात, बघणारा बघतच राहतो. ताईचा नियम मात्र साधा होता. कुठलंही पान माझ्यावर उघडल्याशिवाय घराबाहेर जायचं नाही, आणि तेही जिन्यावर. त्या जिन्याच्या भिंती इतक्या जाड की नेटवर्क धापा टाकत पोचायचं.

ताई पायरीवर बसायची, पान उघडायला लावायची आणि संत्र्याची एक फोड तोंडात टाकायची. फोड संपायच्या आत पान उघडलं तर पास. हात दुसऱ्या फोडीकडे गेला की बापू मुकाट्याने आपल्या खुर्चीकडे परतायचा. बापूच्या पानांपायी ताईने किती संत्री खाल्ली याला गणती नाही. आपल्याला नापास करायचं असलं की ताई मुद्दाम गोड संत्रं आणते, असा बापूचा आरोप होता.

ताई म्हणायची, पान म्हणजे उघडं दार. दमूनभागून आलेल्याला आधी आत घ्यावं, नाव-गाव मग विचारावं. मला ते फार पटायचं. साऱ्या जगात मंदपणाला नावं ठेवतात, पण त्या जिन्यावर माझ्या होकाराशिवाय काही हलत नसे.

पुढे ताई लेकीच्या बाळंतपणाला परगावी गेली. जाताना मला बापूच्या हातात देऊन म्हणाली, जिना विसरू नकोस. बापूने मान डोलावली आणि पंधरवडाही गेला नसेल, मला टेबलाच्या खणात टाकलं. तिथे संपलेले सेल, रबरबँड आणि एक बिनदांडीची कात्री होती. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय!

त्याच सुमारास बापूकडे एका हॉस्पिटलचं काम आलं. ज्यांची किडनी थकली आहे, त्यांना तिथे यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यावं लागतं. रोज सकाळी कुणाची पाळी कधी, ते त्या पानावर यायचं. पेशंटने 'येणार' हे बटण दाबायचं. न दाबल्यास जागा दुसऱ्याला जायची. बापूने त्या पानाला नवरीसारखं नटवलं. हसरे डॉक्टर, हॉस्पिटलची फिल्म, आणि दारातच एक चौकट: तुमचं नाव काय, नेटवर तुम्ही कुठे कुठे जाता ते आम्ही पाहिलं तर चालेल का. खोलीतल्या जोरदार नेटवर, बापूच्या नव्याकोऱ्या फोनवर सगळं चुटकीसरशी उघडलं. हॉस्पिटलचे साहेब खूश झाले आणि बापूला आकाश ठेंगणं झालं. मी खणात पडून होतो. मला कोणी विचारलं नाही.

एका दुपारी जिन्यावर हळू पावलं वाजली, मध्येच थांबली, पुन्हा चढली. आत्या आली होती. आई गेल्यावर बापूला लहानाचं मोठं केलं ते हिनेच, आणि आता तिचीच किडनी थकली होती. ती खुर्चीत टेकली आणि तिने आपला फोन टेबलावर ठेवला. माझा जुळा भाऊ नेमका माझ्या डोक्यावर!

दम खात खात तिने सांगितलं. सकाळी पाळी होती, पण पान उघडेचना. नुसतं पांढरं, आणि मधे गोल गोल फिरणारं चाक. ती अंगणात गेली, गच्चीवर गेली. तोवर जागा दुसऱ्याला गेली. तशीच ती हॉस्पिटलात जाऊन आली होती. आता परवाची पाळी, त्रास वाढला तर मात्र लगेच या, असं त्यांनी सांगितलं. तिचे पाय सुजले होते.

"माझा फोनच मठ्ठ आहे रे," ती म्हणाली. "आणि मीही तशीच. या वयात नाही जमत मला."

मित्रांनो, मठ्ठ हा शब्द मी आयुष्यभर मानाने मिरवला. त्या दिवशी तो मला फार लागला.

"आत्या, मी तुला नवा फोन..." एवढं म्हणून बापू थांबला. त्याने तिचा फोन उचलून ते फिरणारं चाक पाहिलं. मग म्हणाला, "फोन मठ्ठ नाही. तूही नाहीस. पान जड झालंय, आणि ते मी बनवलंय."

आत्याने त्याच्याकडे नीट पाहिलं. रागावली नाही. "मग हलकं कर," ती म्हणाली. "मला परवा पुन्हा दाबायचंय."

तिला घरी पोचवून बापू परत आला आणि खण उघडला. मला चार्जिंगला लावलं, खाली जाऊन संत्रं आणलं आणि जिन्यावर बसला. पहिली फोड संपली, दुसरी संपली, अख्खं संत्रं संपलं, तरी माझ्या तोंडावर तेच चाक फिरत होतं. खोटं बोलणं मला जमत नाही. बापूने हात पुसले आणि तो कामाला बसला.

हसरे डॉक्टर गेले, फिल्म गेली, दारातली चौकट गेली. स्वतःच्या हातांनी मांडलेलं काढताना त्याचा जीव तुटत असणार, पण तो काढत राहिला. उरलं काय, तर पाळीची वेळ आणि खाली एक मोठं बटण. पुन्हा जिना, पुन्हा संत्रं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने फोड तोंडात टाकली आणि दात लागायच्या आत मी पान उघडून दाखवलं. इतका चपळ मी जन्मात कधी नव्हतो. त्याच रात्री बापूने जुनं पान काढून हे नवं नेटवर चढवलं.

पण खरी परीक्षा माझी नव्हतीच. तिसऱ्या दिवशी सकाळी बापू जिन्यावर उभा होता, एका हातात मी आणि दुसऱ्या हातात त्याचा स्वतःचा फोन. तो वाजला.

"अरे, मी चष्मा शोधत होते, तोवर हे उघडून बसलंय," आत्या म्हणाली. "दाबलं बघ. निघते मी."

बापू पायरीवर बसला. त्याचे डोळे भरून आले होते, आणि मला घट्ट धरलेला हात सैल व्हायला बराच वेळ लागला.

महिन्याभराने ताई आजी होऊन परतली. जिन्याच्या कोपऱ्यात वाळलेली सालं पाहून तिने विचारलं, कितीदा नापास झालास? बापू म्हणाला, मोजलं नाही.

मित्रांनो, आता माझ्यात फारसा जीव नाही. तुमच्यापैकी कुणी उद्या अशी पानं बनवाल. तेव्हा स्वतःच्या खिशातला फोन पाहून हुरळू नका, आत्याचा फोन आठवा. कुणाच्या हातात काही उघडत नसेल, तर त्याला मठ्ठ म्हणण्याआधी जरा जिन्यावर जाऊन बसा. मला जपून ठेवा असंही मी म्हणत नाही. मी जाईन तेव्हा माझ्या जागी माझ्याइतकाच मठ्ठ दुसरा कोणी ठेवा, एवढंच माझं मागणं आहे.