फेट्याची चव कोण बघणार

सासऱ्यांनी मेंढीच्या दुधाचं फेटा चीज करायला घेतलं, तेव्हा नातेवाइकांनी पोटभर हसून घेतलं होतं. हा फेटा डोक्याला बांधायचा की पावाबरोबर खायचा, असं विचारायचे. सासरे म्हणायचे, "आधी खाऊन बघा, मग आपणहून डोक्यावर घ्याल." झालंही तसंच. आता घरामागच्या शेडमध्ये पिंपांची रांग लागलेली असे. दोन्ही मुलगे व्हॅन घेऊन दूध आणायला आणि माल पोचवायला जात, आणि दोघी सुना शेडमध्ये राबत. दूध तापवणं, दही लावणं, ते फडक्यात निथळत ठेवणं, वड्या कापून मिठाच्या पाण्यात, मिठवणीत सोडणं, सगळं दोघी मिळून करत. चव बघायचं काम मात्र थोरलीचं.

ती नवी नवरी असताना फार बुजरी होती. घरात तिचा आवाज म्हणून ऐकू येत नसे. एकदा सासऱ्यांनी सहज एक तुकडा तिच्या हातावर ठेवला. तिने तो चघळला आणि हळूच म्हणाली, "खारटपणा बसलाय. आंबटपणा अजून वर यायचाय." सासरे बघतच राहिले. तेव्हापासून थोरलीने मान डोलावल्याशिवाय एकही पिंप बाहेर गेलं नव्हतं.

हिवाळा सरता सरता तिला ताप आला. ताप गेला तो तोंडाची चव घेऊन गेला, वासही घेऊन गेला. आज येईल, उद्या येईल म्हणत तिने वाट पाहिली. कुणाला काही बोलली नाही. सकाळी पिंपाचं झाकण उघडायची, कोपरा मोडून तोंडात टाकायची, आणि ओला खडू चघळल्यासारखं वाटत असतानाही मान डोलवायची.

एकेक पिंप हातावेगळं करताना जीव मेटाकुटीला येई. वडी कशी मोडते, भुगा किती पडतो, पाण्याचा रंग कसा आहे, ते ती पुन्हापुन्हा बघे. मीठ कमी पडलं तर वड्या बुळबुळीत होतात आणि अख्खं पिंप वाया जातं. त्या धास्तीने मिठवणी करताना तिचा हात जरा सैल सुटायचा. मग वाटायचं, अजून एक मूठ असू दे. जेवायला बसली की पानात पडेल ते गिळायची आणि उठायची. रात्री पाठ टेकली तरी शीण उतरत नसे.

एका दुपारी खानावळवाली स्वतः आली. जुनं गिऱ्हाईक, बोलायला फटकळ. हातातला डबा तिने टेबलावर ठेवला. धाकटी मागे मोरीवर फडकी धूत होती.

"तुमच्या फेट्यावर माझं निम्मं दुकान चालतं बाई," खानावळवाली म्हणाली. "कलिंगडाच्या फोडींवर भुरभुरते, मिरच्यांत भरून भाजते, पालकाबरोबर सारण करते. मीठ वेगळं घालावं लागायचं नाही. आता कलिंगडावर घातलं की लोक ताट परत पाठवतात. नुसतं खारट. मागे काही लागतच नाही."

थोरली डब्याकडे बघत राहिली. "बदलून देते," ती म्हणाली.

"बदलून देशील गं. पण तुझ्या हातून असं कधी गेलं नव्हतं." खानावळवालीने आवाज खाली आणला. "बरं नाही का तुला? घरात काही झालंय का?"

ती ओरडली असती तर थोरलीने निभावून नेलं असतं. या विचारण्यापुढे तिला ते जमेना. ती स्टुलावर बसली.

"मला चवच लागत नाही," ती म्हणाली. "ताप आला होता ना, तेव्हापासून. काहीच लागत नाही."

मोरीवरचं पाणी बंद झालं.

खानावळवालीने तिच्या खांद्यावर हात ठेवला, डॉक्टरला दाखव म्हणाली आणि डबा तिथेच सोडून गेली. धाकटी ओल्या हातांनी समोर येऊन उभी राहिली.

"ताई, मला सांगायचं नाही?"

"काय सांगू? काम तुझ्या अंगावर पडलं असतं."

"पडलं असतं तर केलं असतं." धाकटीने ओले हात पदराला पुसले. "इतके दिवस मी स्वयंपाक करतेय, तुम्ही बरं म्हणत नाही की वाईट म्हणत नाही. खाली मान घालून जेवता आणि उठता. मला वाटलं, माझं काही चुकलं, तुम्ही मनात धरून बसलात. मी तुमच्या भावजींशी त्यावरून भांडलेसुद्धा."

हे थोरलीच्या ध्यानीमनी नव्हतं. तिने धाकटीचा हात धरला. दोघींचे हात मिठाने सारखेच भेगाळले होते.

"तुझं काही चुकलं नाही गं," ती म्हणाली. "मला काही लागत नव्हतं, एवढंच."

संध्याकाळी दोघींनी सासऱ्यांना सांगितलं. त्यांनी रेडिओ बंद केला. मग म्हणाले, "मग आता चव कोण बघणार?"

कशी आहेस, असं त्यांनी आधी विचारलं नाही, हे थोरलीला लागलं. तेही त्यांच्या लक्षात आलं असावं. उठताना त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि खोकत आत गेले.

खारट झालेल्या वड्या दोघींनी गार दुधात भिजत घातल्या. एक रात्र गेल्यावर त्या सारणात घालण्याजोग्या झाल्या. नव्या पिंपाची चव धाकटीने बघायची ठरली, पण शिकवणार कसं? थोरली आठवून आठवून सांगे. "आधी मीठ यायला हवं आणि लगेच निघून जायला हवं. मग जिभेच्या कडांना आंबट. सगळं गिळल्यावर मेंढीच्या दुधाचा वास मागे राहतो."

धाकटी डोळे मिटून चघळे. "ओल्या लोकरीसारखा?"

"तो थोडा असावा. जास्त असेल तर दूध शिळं होतं समज."

"थोडा म्हणजे किती, ताई?"

थोरली स्वतः एक तुकडा तोंडात टाकून बघे. तोंडात घेतल्याशिवाय कळायचं नाही, आणि तिला ते कळत नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, चव परत येईल किंवा येणारही नाही, वाट बघा. वाट बघण्याचाही कंटाळा येतो, हे डॉक्टरांना कोण सांगणार?

पुढचा माल गेला आणि खानावळवालीचा फोन आला. धाकटीने दोन्ही हात पुसून तो घेतला, नुसतं हं हं करत राहिली.

"काय म्हणाली?" थोरलीने विचारलं.

"कलिंगडावर चाललं म्हणाली. जरा मवाळ आहे. पूर्वीसारखं नाही, पण चाललं." धाकटी अडखळली. "बरं झालं की वाईट?"

"मला काय माहीत," थोरली म्हणाली, आणि तिला थोडं हसूही आलं. "तुला कसं वाटतं?"

धाकटीने विचार केला. "मला आवडलं."

"मग जाऊ दे तसंच."

उरलेली फडकी धाकटीने धुवायला घेतली. थोरली रबरी बूट काढून घरात गेली. सासऱ्यांचा रेडिओ चालू होता. दिवस अजून मावळला नव्हता, तरी ती अंथरुणावर आडवी झाली. पाठ दुखत होती. थोड्या वेळाने तिचा डोळा लागला.