बटण अडकतं म्हणे!

कान झाकून घ्या, मी भोंगा बोलतोय! बास्केटबॉलच्या मैदानाकडेला गुण मांडणाऱ्यांचं टेबल असतं ना, त्यावरची ठेंगणी पेटी म्हणजे मी. कारखान्यात माझी चाचणी घेणारा दचकून स्टुलावरून पडला होता. तेव्हापासून मला आवाजाचा जरा गर्वच आहे.

माझं बटण टेबलावर बसणाऱ्या ताईंच्या ताब्यात. टाईमआऊट, म्हणजे सामन्यातली छोटी विश्रांती, हवा असेल तर प्रशिक्षकाने स्वतः टेबलापाशी येऊन हातांनी खूण करायची. मग खेळ थांबला, किंवा समोरच्यांनी बास्केट केली, की ताई मला वाजवणार आणि पंच शिट्टी मारणार. पण लोक कसले ऐकतात! लांबूनच पंचांच्या नावाने घसा फोडतात. अरे, ओरडायला मी आहे की!

त्या दिवशी मुलींचा अंतिम सामना होता. एका संघाचा प्रशिक्षक ताईंचा सख्खा धाकटा भाऊ. हरलात तर संघ बंद, असं क्लबने त्याला बजावलेलं. त्याच्या मुलींकडे एका गुणाची आघाडी, उरलेत चार-पाच सेकंद, आणि हा बाकावरूनच, "ताई, टाईमआऊट!"

ताईंनी मानही वर केली नाही. "हे घर नाही. इथे येऊन माग."

आला धापा टाकत, केली खूण. तेवढ्यात समोरच्यांनी बास्केट केली! घड्याळ थांबलं, ताईंचं बोट बटणाला टेकलं, मी छाती फुगवली.

"नको, नको! राहू दे, ताई!"

समोरच्या मुली आनंदाने एकमेकींच्या गळ्यात पडल्या होत्या. इकडे त्याची कर्णधार चेंडू घेऊन रेषेबाहेर उभी, आणि पलीकडच्या टोकाला तिची मैत्रीण अगदी मोकळी! मी वाजलो असतो तर समोरच्या सावध झाल्या असत्या, सगळं मुसळ केरात. वाजण्याआधी मागणी मागे घेता येते, नंतर नाही.

ताईंनी बोट उचललं. गप्प बसण्यात एवढी मजा असते हे मला तेव्हा कळलं!

चेंडू लांब गेला. मैत्रिणीने झेलला, उडी मारून सोडला, आणि वेळ संपली. आता मात्र मी जीव खाऊन बोंबललो. चेंडू हवेत, मी चालूच, आणि चेंडू जाळीत!

चेंडू वेळ संपण्याआधी हातातून सुटला होता, म्हणून पंचांनी बास्केट धरली. मुली नाचत होत्या, भाऊ डोळे पुसत होता. टेबलावरच्यांनी टाळ्या वाजवायच्या नसतात, म्हणून ताई ताठ बसून होत्या. फक्त बटणावरचं बोट उठत नव्हतं.

"ताई, सोडा आता!" पंच ओरडले.

"बटण अडकलंय," ताई म्हणाल्या.

तेवढ्यावरून आता मला बदलायचं घाटतंय. अहो, थांबा जरा! माझं बटण आजवर एकदाही अडकलेलं नाही.