रिटाच्या घरचा पेंढा

माझ्या नातीला खरूज झाली आहे, हे मला भुईगावातल्या चार बायकांनी सांगितलं. मी तीस वर्षं नर्स होते, हे चौघीही सोयीस्करपणे विसरल्या होत्या.

अठ्ठ्याण्णव सालचा डिसेंबर होता. आमच्या आळीत क्रुसाजवळ दर वर्षी नाताळचा गोठा उभारतात आणि नाताळच्या आदल्या संध्याकाळी मुलं त्यात येशूजन्माचा देखावा करतात. त्या वर्षी मरिया व्हायचा मान माझ्या जीनाला मिळाला होता. नऊ वर्षांची पोर, निळी ओढणी डोक्यावरून काढायला तयार नसायची. जेवायलाही तशीच बसायची.

तालमी घ्यायची रिटा. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, हौशी आणि हुकूम सोडण्यात पटाईत. गोठ्यात अंथरायचा पेंढाही तिच्याच घरचा. सासऱ्याच्या काळापासून तो मान त्यांच्याकडे होता, आणि ती तो पेंढा असा मिरवत आणायची, जणू थेट बेथलेहेमहून आलाय.

एका शनिवारी जीना तालमीतून रडत घरी आली. तिच्या पोटऱ्यांवर, गुडघ्यांच्या मागे, चड्डीच्या इलॅस्टिकखाली लाल गांधी उठल्या होत्या आणि त्यांना भयंकर खाज होती. रिटानं सगळ्या मुलांसमोर तिचे पाय निरखले आणि जाहीर केलं, "ही खरूज आहे. घरात स्वच्छता नसली की होते. उद्यापासून येऊ नकोस." मग ओढणी काढून दुसऱ्या मुलीच्या डोक्यावर घातली.

मी तेव्हा वटारला बहिणीकडे होते. माझी सून विनिता शिक्षिका आहे, चांगली शहाणी बाई. पण ते स्वच्छतेचं बोलणं तिला इतकं लागलं, की तिनं पोरीला मोरीत उभं करून भांडी घासायच्या काथ्यानं तिचे पाय घासले आणि वर रॉकेल चोळलं. मी आले तेव्हा जागोजागी कातडी सोललेली आणि पोर मुकाट बसलेली. विनिताला मी काही बोलले नाही. तिचा चेहराच पाहवत नव्हता. सगळा राग मी रिटासाठी राखून ठेवला.

आधी साबणाच्या पाण्यानं रॉकेल अलगद धुऊन काढलं. मग जीनाला अंगणात उजेडात बसवलं, चष्मा लावला आणि एकेक गांध पाहिली. खरूज असती तर बोटांच्या बेचक्यात दिसली असती. तिथं काही नव्हतं. डाव्या गुडघ्यामागे मात्र एक तीळ होता, आणि त्या तिळाला पाय होते. एवढीशी गोचीड, तोंड कातडीत रुतवून बसलेली.

विनिता काडी पेटवून तिला चटका द्यायला निघाली, तेव्हा मी तिचा हात धरला. बारीक टोकाच्या चिमट्यानं गोचीड अगदी कातडीलगत पकडली, न चिरडता, न पिळता सरळ ओढून काढली आणि जागा पुन्हा साबणानं धुतली. गांधींवर माठातल्या गार पाण्याच्या घड्या ठेवल्या. जिथं कातडी शाबूत होती तिथं कॅलामाइन लावलं. जीनाची नखं कापली आणि तिला बजावलं, की कितीही खाज आली तरी खाजवायचं नाही, वरून हलकेच थोपटायचं. खाजवलं की जखम चिघळते. ताप आला किंवा लाली पसरली तर लगेच डॉक्टरकडे न्यायचं, हे विनिताला सांगून ठेवलं.

जीनानं एकच विचारलं, "आजी, मी घाणेरडी आहे?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी नाही म्हटलं, पुन्हा पुन्हा म्हटलं. पण आजीच्या नाहीला किंमत किती? ज्या तोंडानं, ज्या जागी, ज्या मुलांसमोर ते बोललं गेलं होतं, तिथंच ते मागे घेतलं जायला हवं होतं.

आमच्या घरी ना गाय, ना कुत्रा, मग गोचीड आली कुठून? तालमीत रोज तासन् तास पोर एकाच जागी मांडी घालून बसत होती. दुसऱ्या दिवशी, रविवारी, चर्चमधली मिस्सा झाल्यावर मी एक जुनी पांढरी चादर घेऊन क्रुसाजवळ गेले. ती पेंढ्यावर पसरली, हातानं दाबत सावकाश ओढत नेली आणि उलटून पाहिली. चादरीवर तीळ चालत होते.

रिटाचा नवरा प्लासिड तिथंच बांबू बांधत होता. भोळा माणूस. चादर बघून म्हणाला, "आमच्याकडे पावसाळ्यापासून आहेत या. पेंढा गुरांच्याच माळ्यावर असतो ना. रिटाचे पण हात फोडून काढलेत." यंदा दुसऱ्या कुणाचा पेंढा घेऊ, असं तो तिला म्हणालाही होता. पण एकदा मान गेला की परत मिळत नाही, म्हणून तिनं त्याला गप्प केलं होतं.

आता मला कळलं, भर दुपारच्या तालमीला ही बाई मनगटापर्यंत बाह्यांचं पोलकं का घालत होती. नकळत झालं असतं तर मी गिळून टाकलं असतं. पण तिला माहीत होतं. स्वतःचे हात झाकून तिनं माझ्या पोरीचे पाय उघडे पाडले होते.

प्लासिडकडून कळलं असणार, संध्याकाळी रिटा आमच्या मागच्या दारानं आली. बाह्या वर करून तिनं हात पुढे केले. खाजवून खाजवून कोपरापर्यंत जखमा झालेल्या, दोन ठिकाणी पू धरलेला आणि वर चुना थापलेला. रात्रभर डोळा लागत नाही म्हणाली. पेंढा उद्याच जाळते, फक्त कुणाला सांगू नका आग्नेसबाय, असंही म्हणाली.

समोर जखम आली की नर्सचे हात आपोआप चालतात. मी चुना धुतला, पट्टी बांधली आणि पुवासाठी डॉक्टरला हात दाखव म्हणून सांगितलं. ती उठली तेव्हा म्हटलं, "औषधाला माझी अट नाही. पण पोरीला तू सगळ्यांसमोर बोललीस, रिटा. हे मागच्या दारानं फिटणार नाही."

ती आल्या दारानं गेली. ती काही करेल असं मला वाटत नव्हतं.

सोमवारी मी जीनाचा हात धरून तालमीला गेले. पेंढा नाहीसा झाला होता आणि जमिनीवर माडाची झापं अंथरली होती. मुलं होती, त्यांच्या आयाही होत्या.  रिटानं दोन्ही बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या आणि पट्ट्या सोडल्या.

"जीनाला खरूज नाही," ती म्हणाली. "तिला चावल्या त्या माझ्या घरच्या गोचिडी. मला माहीत होतं."

 दुसऱ्या मुलीनं आपण होऊन ओढणी काढली आणि जीनाला दिली. रिटाचा हात सवयीनं कोपराखालच्या गांधींकडे गेला, नखं लागणार एवढ्यात जीना पुढे झाली आणि तिनं तो हात धरला.

"खाजवायचं नाही, मावशी. असं थोपटायचं," असं म्हणून तिनं स्वतःच थोपटून दाखवलं.

रिटा रडली. आयाही डोळे पुसायला लागल्या. पोरीनं इतक्या सहज माफ केलं, याचा मला आजही राग येतो.