यांनी निवडलेला क्लच

नवरा आपणहून काळजी करायला लागला की समजावं, काहीतरी शिजतंय. आमचे हे, सिद्धलिंगप्पा, उभ्या जन्मात मला कधी 'दमलीस का' म्हणाले नाहीत. आणि दिवाळीपासून काय, तर जीपमध्ये शेजारी बसायचं, सारखं माझ्या पायाकडं बघायचं आणि मधेच विचारायचं, "पाय दुखतोय का गं?" मी म्हटलं, "माझा पाय कशाला दुखंल? तुमचं काय दुखतंय ते सांगा की." तर हे लगेच बाहेर बघायला लागायचे.

जीप कागदावर यांच्या नावाची, पण चालवते मी. हे एकदा शिकायला बसले आणि शेजाऱ्याच्या भिंतीला भेटून आले, तेव्हापासून स्टिअरिंगला हात नाही. लेक अंकिता माझ्या पोटात होती तेव्हापासून सोलापुरातून कडक भाकरी आणि शेंगाचटणी भरायची आणि मोडनिंबपर्यंतच्या ढाब्यांना पोचवायची, हे माझं काम. 'चंद्रिकाबाई आल्या' म्हणत ढाब्यावरची पोरं उठून उभी राहतात. स्टिअरिंग गेलं की माझं उरलं काय? घरात बसून भाकऱ्या थापायच्या आणि रुबाब दुसऱ्यानं करायचा, एवढंच.

त्या दुसऱ्याचं नावही मला ठाऊक होतं. सोमेश, यांचा पुतण्या. जुनं इंजिन गेलं तेव्हा हाच पुढं झाला. मोडीत निघालेल्या कुठल्याशा मोठ्या गाडीचं टर्बो इंजिन आणून त्यानं आमच्या जीपला बसवून दिलं. ताकद लई वाढली, खोटं कशाला बोलू. पण क्लच राहिला जुनाच. चार-सहा महिन्यांत तो घसरायला लागला. चढाला रेस दिली की इंजिन नुसतं बोंबलायचं, गाडी जागची हलायची नाही आणि जळका वास नाकात बसायचा. आता या इंजिनाला पेलणारा दणकट क्लच टाकायचा, हे माझ्याही लक्षात आलं होतं. पण रविवारी 'धुवून आणतो' म्हणून जीप कोण नेतं? सोमेश. मग क्लच कोणी जाळला असंल? माझा डोळा त्याच्यावरच होता.

त्यात परवा काय झालं, मी चटणीच्या बरण्या भरत होते आणि हे दोघं ओट्यावर कानडीत कुजबुजत होते. माझं माहेर केम, मराठी मुलखातलं. कानडी बोलायला माझी जीभ वळत नाही, पण इतक्या वर्षांत कळतं सगळं. 'कालु, कालु' असं दोनदा ऐकलं. कालु म्हणजे पाय. मग भारी क्लचचं काहीतरी. आणि शेवटी हे म्हणाले, "आकीगे हेळब्याड." तिला सांगू नकोस.

माझ्या अंगाची आग झाली. भारी क्लच म्हणजे जड पेडल, एवढं मला कळतं. मला साखरेचा आजार, गोळ्या चालू, वय साठीला टेकलं. पेडल दाबताना मी मेटाकुटीला येणार आणि आपण होऊन उतरणार. मग सोमेश बसायला मोकळा. साप मरावा आणि काठीही मोडू नये. म्हणून हे दोघं गॅरेजला निघाले तेव्हा मीही पुढं होऊन रिक्षात बसले. चप्पल तेवढी जिन्यातच निसटून राहिली, ती सोमेशनं आणून दिली. हल्ली ती सारखी निसटते. दुकानदारानं नक्कीच एक नंबर मोठी गळ्यात मारली आहे.

होटगी रोडला अजिनाथचं गॅरेज आहे. जेऊरचा माणूस, तोंडानं फटकळ पण कामाला चोख. त्यानं आमच्या जीपचा गिअरबॉक्स उतरवून ठेवला होता. जुनी क्लच प्लेट त्यानं माझ्या हातात दिली, पार काळी पडलेली.

"मावशी, इंजिनाची ताकद वाढलीया, त्यानं घसरती ते खरं हाय," तो म्हणाला. "पर अशी करपत न्हाय. कुणीतरी क्लचवर पाय ठिवून गाडी हाणतंय. पायाच्या वजनानं पेडल जरा दबलेलं ऱ्हातं आन प्लेट घासत ऱ्हाती."

मी सोमेशकडं बघितलं. "ऐकलंस?"

सोमेशनं यांच्याकडं बघितलं. चोराच्या मनात चांदणं, मी मनात म्हटलं.

अजिनाथनं फळीवरचे दोन नवे क्लच दाखवले. "ह्यो मधला. ह्या इंजिनाला बास हाय की. जुन्यापरीस दणकट आन पेडल हलकं. ह्यो दुसरा भारी. ट्रॉली ओढणाऱ्यांनी घ्यावा असला. तुमाला गरज न्हाय. पर अप्पा म्हणतेत भारीच टाक."

"भारीच टाक," हे म्हणाले. माझ्याकडं न बघता.

मग माझा तोल गेला. "का टाक? मिस्त्री सांगतोय गरज नाही, तर तुम्हाला कशाला पाहिजे? मला पेलू नये म्हणून ना? तिला सांगू नको, तिच्या पायाचं सांगू नको. कानडी कळतं मला. चाळीस वर्षं मी गाडी चालवून हे घर चालवलं आणि आता म्हातारी झाले म्हणून पुतण्याला गादीवर बसवताय? तोंडावर सांगायची हिंमत नाही?"

हे चष्मा पुसत राहिले. सोमेश "काकू, तसं न्हाय" एवढंच म्हणाला.

"मग कसं?" मी अजिनाथला विचारलं, "हा भारी क्लच बसवलेली एखादी गाडी आहे का हितं?"

कोपऱ्यात बिरप्पा ऊसवाल्याची जीप उभी होती. तिला तोच क्लच होता. मी पदर खोचला आणि चढून बसले. डावा पाय पेडलवर ठेवून जोर लावला. हातपंप दाबावा तसं जड होतं ते. गुडघा वाजला, पण पेडल तळाला टेकलं. मी सोडलं, परत दाबलं, परत सोडलं. कपाळाला घाम आला, पण म्हटलं, "बघा. पेलतंय मला. टाका आता कुठला टाकायचा तो."

हे दाराशी आले. हळू आवाजात म्हणाले, "पेलणार हे माहीत होतं मला. आता पाय काढ."

"काढला."

"कुठं ठेवलास?"

"कुठं म्हणजे? खाली, पत्र्यावर."

"बघ की."

यांच्या डोक्यावर परिणाम झालाय असं वाटलं मला. मी खाली बघितलं. पाय पेडलवरच होता. चांगला निवांत टेकलेला, दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा. मला मात्र तो खाली आहे असंच वाटत होतं, अजूनही वाटत होतं. पेडल तसूभरही दबलं नव्हतं.

"आपल्या जीपमध्ये तेवढ्या वजनानं दबतं," हे म्हणाले. "घरापासून मोडनिंबपर्यंत तुझा पाय तिथंच असतो. साखरेनं पाय बधिर झालाय, तुला कळत नाही. हे पेडल जड आहे, पाय टेकला तरी दबत नाही. सोमेशला मीच विचारलं, असा क्लच मिळतो का म्हणून."

"मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर त्याच दिवशी गाडी सोडली असतीस. तू घरात बसलेली मला बघवली नसती गं."

यांनी चष्मा काढून डोळे पुसले. मला राग यायला पाहिजे होता, तो आला नाही. रडू आलं, लाज वाटली आणि सगळ्यात जास्त म्हणजे भीती वाटली. त्या भारावलेल्या माणसाच्या डोक्यात जे आलं नव्हतं ते माझ्या डोक्यात आलं. मी उजव्या पायानं ब्रेक दाबला, डोळे मिटले आणि पाय काढला.

"हा कुठंय?"

"खाली आहे. बघून सांगतोय, खालीच आहे."

मी तरी वाकून बघितलं. खालीच होता. आज होता, उद्याचं कुणी सांगावं? ढाब्यावरची पोरं माझी गाडी दिसली की रस्त्यापर्यंत पळत येतात, ती डोळ्यांपुढं आली.

मी खाली उतरले. उतरताना सोमेशनं हात पुढं केला, तो धरला. अजिनाथ भारी क्लच फळीवरून काढायला लागला होता.

"तो राहू दे," मी म्हटलं. "मधलाच टाक."

"मधला?" हे म्हणाले. "अगं, तुला तो..."

"मला नाही. सोमेशला पेडल हलकं बरं."